मास्तरांच्या बाजूचा ब्रेक

गाडी बदलायची म्हटलं की घरोघरी वाजतं, त्यात नवल ते काय? कुणाला मोठी हवी असते, कुणाला आटोपशीर. कुणाला काळी, कुणाला पांढरी. पण मास्तरांच्या घरात जे वाजलं ते रंगावरून नव्हे, आणि पैशांवरूनही नव्हे. जुनी आलिशान डिझेल गाडी मोडीत काढून तसलीच नवी घ्यायची, की विजेवर चालणारी बिनआवाजाची आणायची, एवढाच काय तो प्रश्न. त्या प्रश्नाच्या पोटात मात्र दुसरा एक प्रश्न दडलेला होता आणि तो कुणी तोंडावर आणत नव्हतं. घरातला गेलेला मुलगा यापुढे रोज संध्याकाळी घरी येणार की नाही?

दचकू नका, भुताखेताची गोष्ट नाही ही. भुतं परवडली.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत, ड्रायव्हिंग स्कूलचे. अर्ध्या शहराला स्टिअरिंग धरायला त्यांनी शिकवलं. त्यांच्या त्या पत्र्याच्या डब्यासारख्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक होता. मास्तरांच्या बाजूचा ब्रेक. शिकणारा घामाघूम झाला की मास्तर म्हणायचे, "घाबरतोस काय लेका? माझ्या पायाखाली ब्रेक आहे. तू फक्त समोर बघ." नियम त्यांचा एकच आणि त्याला अपवाद नाही: शिकाऊ माणसाला गाडीत एकटं सोडायचं नाही.

नवरा मास्तर म्हणून बायको मास्तरीणबाई. त्यांनी जन्मात कुणाला काही शिकवलं नव्हतं, आणि नवऱ्याकडून गाडी शिकायचा प्रयत्नही एकदाच केला. कोपऱ्यावर पोचेस्तोवर दोघांचं असं जुंपलं की बाई भर रस्त्यात दार उघडून उतरल्या आणि तरातरा चालत घरी आल्या. "नवऱ्याकडून शिकण्यापेक्षा पायी फिरून तंगड्या मोडलेल्या बऱ्या," असं पुढे त्या ज्याला त्याला सांगायच्या आणि मास्तर मिशीत हसायचे.

मुलगा मात्र बापाच्या हाताखाली तयार झाला. त्याला सगळे छोटे मास्तर म्हणायचे. बापही लाडानं तसंच म्हणायचा, तेसुद्धा अहोजाहो करून. मोठा साहेब झाला आणि पहिली मोठी खरेदी केली ती त्या काळ्या, लांबलचक गाडीची. आईला मागे बसवलं. सीट एवढी मऊ की मास्तरीणबाई म्हणाल्या, "अरे, मला उठवायला माणूस ठेव आता." बाप पुढे बसला, मुलाच्या शेजारी, आणि पहिल्याच वळणाला त्याचा पाय जोरात खाली दाबला गेला.

"बाबा, इथे तुमच्या बाजूला ब्रेक नाही," मुलगा हसत म्हणाला.

"मला कळतंय रे. पायाला कुठे कळतंय?"

गाडी लावायची बापलेकांची एक तऱ्हा होती. फाटकातून एका दमात मागे घ्यायची, मध्ये थांबायचं नाही, पुढे-मागे करायचं नाही. गॅरेजमध्ये उभी राहिली की अॅक्सिलरेटर एकदा दाबून इंजिन घुरकवायचं आणि मग बंद करायचं. मास्तरांच्या तरुणपणच्या खटारा गाड्यांना त्याची गरज असेल. या नव्या गाडीला काडीची नव्हती. मेकॅनिक तर पोट धरून हसायचा. पण मुलगा न चुकता घुरकवायचा, कारण ते घुरकवणं ऐकलं की घरात बसलेले मास्तर खूश होऊन ओरडायचे, "आले छोटे मास्तर! वाढ गं!" पुढे लग्न होऊन सूनबाई आली, तिलाही गाडी मास्तरांनीच शिकवली, "पोरी, आरसा बघ. पोरी, दम धर," असं करत करत. तीही तशीच लावायची. डोळे मिटून ऐकलं तर नवरा कोण आणि बायको कोण, सांगता येणार नाही असं.

आणि मग मुलगा गेला. ऐन चाळिशीत, ऑफिसच्या खुर्चीत बसल्या बसल्या. छातीत कळ आली म्हणाला, पाणी मागितलं, पाणी येईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

मास्तरांची स्मरणशक्ती त्याच्या आधीपासूनच विरत चालली होती. मास्तरीणबाईंनी त्यांना सांगितलं, तेव्हा ते धाय मोकलून रडले. दुसऱ्या सकाळी उठून चहाचा कप हातात घेतला आणि विचारलं, "छोटे मास्तर गेले का ऑफिसला?" बाईंनी पुन्हा सांगितलं. ते पुन्हा तसेच रडले, आयुष्यात पहिल्यांदा ऐकल्यासारखे. पुन्हा विचारलं, पुन्हा सांगितलं, पुन्हा रडले. त्या म्हाताऱ्याचा मुलगा दर वेळी नव्यानं मरत होता, आणि ती बातमी घेऊन दर वेळी आईनंच उभं राहायचं. तिनं रडायचं कधी? शेवटी बाईंची जीभच उचलेना.

गाडी ऑफिसच्या पार्किंगमध्येच पडून होती. सगळं उरकल्यावर सूनबाई ती आणायला गेली आणि दिवेलागणीच्या सुमाराला घेऊन आली. फाटकातून एका दमात मागे घेतली, घुरकावली, बंद केली. मुद्दाम नाही हो. तिला दुसरी पद्धतच ठाऊक नव्हती. आत खुर्चीत मास्तर ताठ झाले.

"आले छोटे मास्तर! वाढ गं!"

मास्तरीणबाईंच्या हातातली वाटी खाली पडली. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते असं: "हो, आले. दमलेत फार. वर जाऊन आडवे झालेत."

"झोपू दे. मीही चार घास खातो," मास्तर म्हणाले, आणि किती दिवसांनी पोटभर जेवले.

तिथून ते सुरू झालं. दोघी बायकांनी बसून काही ठरवलं नाही, पण पाण्याला उतार मिळावा तसं ते होत गेलं. सूनबाईचं काम घरोघर जाऊन दुखऱ्या सांध्यांचे व्यायाम करून घ्यायचं. दिवसभर फिरायची आणि संध्याकाळी ती काळी गाडी घेऊन यायची. घुरकवणं ऐकू यायचं, मास्तर "आले!" म्हणायचे, मास्तरीणबाई "आले हो आले" म्हणायच्या आणि ताट वाढायच्या. तिनं पुढच्या दारानं यावं तर घोटाळा, म्हणून ती मागच्या जिन्यानं, चपला हातात घेऊन वर जायची. स्वतःच्या घरात, चोरासारखी. तोंडबिंड धुऊन मग खाली यायची.

"या बाई कोण?" मास्तर विचारायचे. सुनेचा चेहरा त्यांच्या मनातून केव्हाच पुसला गेला होता.

"तुमच्या गुडघ्यांचा व्यायाम घेतात ना, त्या."

"हां हां. बसा बाई. गुणी आहात हो तुम्ही फार."

गुणी बाई बसायची आणि खाली मान घालून जेवायची.

गाडीच ती, किती ओढणार? आधी धूर, मग गिअरची कुरकुर. एके संध्याकाळी ती वाटेतच बसली आणि सूनबाई टॅक्सीनं घरी आली. त्या दिवशी मास्तर जेवले नाहीत. खिडकीत बसले, मग दारात, मग एका पायात चप्पल घालून फाटकापर्यंत गेले. "वाटेत काही झालं तर नसेल ना गं त्याला?" असं विचारत राहिले. मास्तरीणबाईंनी त्यांच्या दंडाला धरून कसंबसं आत आणलं, तेव्हा ते लहान मुलासारखे थरथरत होते. त्या रात्री बाईंनी मनाशी पक्कं केलं की काही झालं तरी हा आवाज बंद पडू द्यायचा नाही.

मेकॅनिकनं हात टेकले. "मास्तरीणबाई, हिच्यावर आता खर्च म्हणजे फुटक्या माठात पाणी. नवी घ्या."

म्हणून दोघी शोरूममध्ये गेल्या. तिथला सेल्समन म्हणजे तोंडाचा पट्टा! सूनबाई सरळ विजेच्या गाडीपाशी जाऊन उभी राहिली, तसा त्यानं दार उघडून दोघींना आत बसवलं, एक बटण दाबलं आणि डोळे मिचकावत विचारलं, "आता ऐका. काही ऐकू येतंय?"

"नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"चालू आहे, मॅडम!"

"अहो, मग त्यात कौतुक कसलं? आमच्या घरचा मिक्सरसुद्धा चालू झाला की सांगतो."

"हीच तर मजा! अजिबात आवाज नाही!" मग बाईंचा पडलेला चेहरा बघून तो घाईनं म्हणाला, "आवाज हवाच असेल तर तीही सोय आहे. स्पीकरमधून इंजिनाचा आवाज येतो. हुबेहूब!"

मास्तरीणबाईंना जणू देव पावला. त्यांनी त्याला तसंच सोबत घेतलं: चला घरी, आमच्या गॅरेजमध्ये लावून दाखवा. सूनबाईनंच गाडी चालवली, फाटकातून एका दमात मागे घेतली, आणि सेल्समननं स्पीकरवर इंजिन घुरकावलं. बाई धावतच आत गेल्या. मास्तर शर्टाची बटणं लावत होते.

"कुणीतरी पाहुणे आलेत वाटतं," ते म्हणाले. "पाणी दे त्यांना."

माणसाचं नाव विसरतील, चेहरा विसरतील, पण इंजिन? आयुष्यभर कान टवकारून बसलेला माणूस तो. मास्तरीणबाई तशाच मागे फिरल्या आणि सेल्समनला म्हणाल्या, "ही नको. आमच्याच कंपनीची ती डिझेलची दाखवा, नवी." दुसऱ्या दिवशी ती काळी, चकचकीत गाडी सुरू करून बाईंनी डोळे मिटून ऐकली. आवाज थोडा नरम होता, पण जात तीच होती. चालून गेलं असतं.

"हीच घेऊ या," बाई म्हणाल्या. "माझ्या बांगड्या आहेत, त्याही घाल त्यात."

"मला नाही चालवायची ती गाडी," सूनबाई म्हणाली.

घरी आल्यावर मास्तर आत झोपलेत हे बघून बाईंनी स्वयंपाकघराचं दार लावलं आणि तोंड सोडलं.

"का नाही चालवायची? काय वाईट आहे तिच्यात? मऊ सीट आहे, थंडगार हवा आहे. अर्ध्या शहरानं मान वळवून बघावं अशी गाडी, आणि तुला ती विजेवरची मुकी म्हैस हवी!"

"आई, जुनीला कंटाळले मी."

"कंटाळलीस? तो माणूस त्या आवाजावर जगतोय गं! तो आवाज आहे तोवर चार घास पोटात जातायत त्यांच्या. तुझं काय जातंय? आणायची, लावायची, एकदा घुरकवायची. एवढंसुद्धा जड झालं तुला?"

सूनबाई भांडी लावत होती. तिनं एक ताट दुसऱ्यावर ठेवलं, दुसरं तिसऱ्यावर ठेवलं.

"जुन्या गाडीचा आवाज मोबाईलमध्ये भरून ठेवू," बाई हट्टानं म्हणाल्या. "मग घे तुला हवी ती."

"आणि रोज संध्याकाळी भिंतीआड उभं राहून वाजवायचा? कुणी? तुम्ही की मी?"

"मी वाजवीन. माझा मुलगा होता तो."

"हो. तुमचाच होता," सूनबाई म्हणाली आणि हात पुसून वर निघून गेली. बाईंना बोलल्याक्षणीच आपलं वाक्य लागलं होतं, पण सुटलेला शब्द आणि सुटलेली गाडी हात करून थांबते थोडीच?

मेकॅनिकनं आणखी काही दिवसांपुरतं ठाकठोक करून दिलं होतं. दुसऱ्या संध्याकाळी गाडी आली, घुरकावली, बंद झाली. "आले छोटे मास्तर!" झालं. बाईंनी ताट वाढून दिलं. पण आज मनाला टोचणी होती म्हणून कान मागच्या जिन्याकडे लागले, आणि त्यांच्या पहिल्यांदाच लक्षात आलं की गाडी बंद झाली तरी जिना वाजत नाही. मास्तरांचं अर्धं जेवण झालं तरी वाजत नाही. बाई हळूच मागच्या दारानं गॅरेजमध्ये गेल्या.

सूनबाई गाडीतच होती. दिवा बंद, काचा वर, दोन्ही हात स्टिअरिंगवर. बाईंनी दुसऱ्या बाजूचं दार उघडलं तशी ती दचकली, आणि मग सरकून बसावं तशी उगाच जरा सरकली. बाई शेजारी बसल्या.

"रोज बसतेस अशी?"

"रोज."

"का गं?"

समोरच्या भिंतीकडे बघत ती म्हणाली, "गाडीत बसलेली असते तोवर तो आलेला असतो, आई. उतरले की नुसती मीच येते. आणि माझ्यासाठी कुणी 'आली' म्हणत नाही."

बाईंनी आपल्या बाजूचं दार ओढून घेतलं.

"ते घुरकवणं आहे ना," ती म्हणाली, "बाबांना ज्यात छोटे मास्तर ऐकू येतात, त्यात मी रोज एकदा ओरडून घेते. मोठ्यानं. काचा बंद करून. इंजिन असतं म्हणून कुणाला ऐकू येत नाही. त्याच्या मागे लपून रडायची सवय लागलीय मला. मला ती दुसरी गाडी आवडते असं काही नाही हो. मला फक्त माझ्या घरी मी म्हणून यायचंय. एकदा तरी पुढच्या दारानं. तुम्ही म्हणाल ती गाडी घेऊ, आई, पण मग रोज मेलेल्या माणसाला घरी सोडायला तुम्ही ड्रायव्हर ठेवा."

मास्तरीणबाईंनी मुलगा गमावला होता, ते जगाला दिसत होतं. मास्तरांनी मुलगा गमावलाच नव्हता; दोघींनी मिळून त्यांना तो रोज आणून दिला होता. आणि या पोरीनं नवरा गमावला, वर रोज संध्याकाळी त्याचं सोंग घ्यायचं कामही तिच्याच गळ्यात. "तुझं काय जातंय," असं विचारलं होतं बाईंनी तिला. त्या तिचा हात हातात घ्यायला गेल्या, पण तो स्टिअरिंगवर एवढा घट्ट होता की सुटेचना.

"वीजवालीच घे," बाई म्हणाल्या. "त्यांचं मी बघते."

कसं बघणार होत्या, हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

नवी गाडी आली त्याच दिवशी दुपारी शोरूमचा माणूस जुनी घेऊन जायला आला. त्यानं किल्ली फिरवली. ती काळी गाडी खोकली, थरथरली आणि जुन्या इमानानं सुरू झाली. खिडकीत बसलेल्या मास्तरांनी मान वर केली.

"निघाले का छोटे मास्तर?"

मास्तरीणबाईंनी दाराची चौकट धरली. "हो," त्या म्हणाल्या.

"भर दुपारचे? जेवून जा म्हणावं."

"घाई आहे त्यांना."

"कायम घाई," मास्तर कौतुकानं म्हणाले. आवाज फाटकातून बाहेर पडला, रस्त्याला लागला, कोपऱ्यावर बारीक झाला. संपेपर्यंत मास्तर ऐकत होते. "पोचला की कळव म्हणावं," ते म्हणाले. बाई आत गेल्या आणि तोंडात पदर कोंबून, नळ सोडून, मुलगा गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर रडल्या.

संध्याकाळ झाली. सूनबाई कामावरून आली ते कुणाला कळलं नाही. मास्तर खिडकीत, ताट झाकलेलं, आणि ही पुढच्या दारात उभी, पायांत चपला तशाच. आत यावं की येऊ नये असा चेहरा. बाई उठल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "आली गं बाई एकदाची! ये, आत ये."

मास्तर वळले. "कोण आलंय? गाडी तर वाजली नाही."

"बाबा, नवी गाडी आहे," सूनबाई म्हणाली. "तिला आवाज नसतो."

"आवाज नाही म्हणजे बंद पडली असेल." मास्तर उठले. इतके दिवस ज्यांना गुडघा वाकवायला तीन वेळा सांगावं लागायचं, ते मास्तर भिंतीला धरून ताडताड बाहेर निघाले. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरला पाय लावून बघितला, बॉनेटवर तळवा ठेवला. "थंड आहे. चालवली कुणी?"

"मी."

"नवी गाडी आहे ना? मग तिच्यात सगळे शिकाऊच. चल, बस. आरसा आधी." आणि ते दार उघडून शेजारच्या सीटवर जाऊन बसलेसुद्धा. मास्तरीणबाई घराचं दार ओढून घेऊन घाईघाईनं मागे चढल्या. ताट तसंच राहिलं.

गाडी निघाली, पण निघाली हे फक्त दिसलं. रस्त्यातले दिवे एकेक करून मागे जात होते. मास्तर ताठ बसले होते आणि त्यांचा आवाज कसा, तर पार पूर्वीचा. "इंडिकेटर दे. दम धर. सायकलवाल्याला जाऊ दे, त्याला घरी पोरंबाळं आहेत. शाबास, पोरी." बाईंनी मागून ते 'पोरी' ऐकलं. सूनबाईनंही ऐकलं असणार, कारण तिचे खांदे हलले. मास्तरांचा पाय खाली पायपुसण्यावर टेकलेला होता, चवडा जरा वर, तयार.

बाजाराच्या कोपऱ्यावरून वळल्यावर ते म्हणाले, "आता घरी घे पोरी. छोटे मास्तर येतील. दाराला कुलूप बघून खोळंबतील बिचारे."

मास्तरीणबाईंनी डोळे मिटले. आली ती वेळ. "त्यांचं मी बघते" असं म्हणाल्या होत्या ना त्या? त्यांनी पुढच्या सीटला धरून घसा साफ केला, "अहो," म्हणाल्या. पण सूनबाईनं आरशातून त्यांच्याकडे बघितलं आणि नाही अशी मान हलवली.

"बाबा," ती म्हणाली, "ते येणार नाहीत."

"काम निघालं का काही?"

"नाही बाबा. ते गेले. ऑफिसात छातीत दुखलं आणि गेले. तुमचे छोटे मास्तर नाहीत आता. माझा नवरा मेला, बाबा."

हे वाक्य तिनं आजवर कुणाजवळ उच्चारलं नव्हतं. सगळ्यांना सांगितलं ते बाईंनी. तिनं फक्त माना डोलावल्या होत्या.

मास्तरांचा पाय खाली दाबला गेला, असा की गुडघा ताठ झाला, अंग सीटला मागे रेटलं गेलं. तिथे ब्रेक नव्हता. नुसतं पायपुसणं होतं. सूनबाईनं त्या पायाकडे एकदा बघितलं आणि आपल्या बाजूचा ब्रेक दाबला. गाडी रस्त्याच्या कडेला येऊन उभी राहिली.

मग मास्तर रडले. आणि सूनबाई रडली, मोठ्यानं, तोंड न झाकता, जशी ती रोज काचा बंद करून रडायची तशी. लपायला इंजिन नव्हतं. मागे मास्तरीणबाईंना सगळं ऐकू येत होतं, त्या दोघांचं आणि स्वतःचंही.

खूप वेळानं मास्तरांनी बाहीनं डोळे पुसले. "मग रोज यायचं ते कोण?" त्यांनी विचारलं. "गाडी यायची ना रोज. मी ऐकायचो."

"मी यायचे, बाबा."

"एका दमात मागे घ्यायचीस?"

"हो. तुम्ही शिकवलंत तशी."

"एकटीच?"

"एकटीच."

मास्तरांनी मान हलवली, एकदा, दोनदा, कुणीतरी मोठी चूक केलीय आणि ती आपल्याच स्कूलमधून झालीय अशी. "असं सोडत नसतात पोरी एकटं," ते म्हणाले. "शेजारी माणूस हवा."

उद्या सकाळी चहा पिताना हा माणूस पुन्हा विचारणार, छोटे मास्तर गेले का ऑफिसला, आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगावं लागणार, हे मास्तरीणबाईंना ठाऊक होतं. सांगायला आता दोघी होत्या, एवढंच. पुढच्या सीटवर सूनबाईनं नाक पुसलं, हात पुन्हा स्टिअरिंगवर ठेवले, पण गाडी हलवली नाही. मास्तरांचा पाय अजून तसाच दाबलेला होता.

"बाबा," ती म्हणाली, "थोडा वेळ पाय काढू नका."

"नाही काढत," मास्तर म्हणाले. "तू समोर बघ."